म्हैसूरचं 'दोड्ड गडियार'

मैत्रिणींनो, म्हैसूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "काय काय पाहिलंत?" उत्तर ठरलेलं असतं. राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन बाग आणि येताना एक सिल्कची साडी! राजवाड्याच्या उत्तर दरवाज्याबाहेर, अगदी हाकेच्या अंतरावर, एक उंच घड्याळाचा मनोरा उभा आहे, त्याचं नाव मात्र क्वचितच निघतं. येता-जाता प्रत्येकजण त्याच्याकडे बघतो, वेळ बघतो आणि पुढं जातो. घड्याळाचं नशीबच ते! घरातल्या बाईसारखं. तिच्यावर सगळ्यांचं चालतं, पण तिच्याकडे थांबून बघायला कुणाला सवड नसते.

आज मी तुम्हाला त्या मनोऱ्याविषयी सांगणार आहे. राजवाड्याचंही सांगेन, कारण वाडा पाहिल्याशिवाय मनोरा कळत नाही.

आम्ही सोलापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत निघालो ते पाचजण: आमचे हे, पाचवीतला थोरला, तिसरीतली धाकटी, सासूबाई आणि मी. मी एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळं सुट्टी जुळायला वेळ लागत नाही. सोलापूरहून थेट म्हैसूरला जाणारी गोलगुंबझ एक्सप्रेस आहे. एक रात्र गाडीत काढायची की झालं. तुम्हीही लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर एक सांगते, गाडीतल्या खाण्याच्या भरवशावर राहू नका. आमच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. दोन्ही चार दिवस हूं की चूं करत नाहीत! बरोबर दही तेवढं स्टेशनवर घ्यावं.

ही भाकरी-चटणी सासूबाईंच्या हातची. एकोणतिसाव्या वर्षी त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पदरात दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांनी घरातच चूल मोठी केली. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्या भोंग्यापर्यंत पन्नास भाकऱ्या थापून व्हायला हव्यात, असा त्यांचा हिशोब. गिरणी बंद पडली, भोंगाही थांबला. पण आमच्या आई अजून त्याच वेळेला उठतात.

सासूबाईंचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. त्या भागात घरोघरी कन्नड बोलतात. आमच्याकडे मात्र सगळी मराठी. मंडईत एखादी भाजीवाली भेटली तर तेवढ्यापुरतं त्या कन्नड बोलतात, एरवी नाही. बँकेत मराठी सही करतात ती एकेक अक्षर जुळवत, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. स्लिप नातू भरतो. "आजीला वाचता येत नाही," हे तो कुणालाही सांगतो, त्यात त्याला काही वावगं वाटत नाही आणि आजीही कधी काही बोलत नाही.

म्हैसूरला पोचलो तो शनिवार होता. त्या दिवशी चामुंडी उरकली. रविवारी सकाळी राजवाडा. ह्यांनी एका कागदावर वेळापत्रकच केलं होतं: राजवाडा दीड तास, मनोरा पाच मिनिटं, मग प्राणिसंग्रहालय. पुरुषांच्या सहली अशाच असतात, नाही का? हजेरीपटावर खुणा केल्यासारख्या!

राजवाड्यात प्रेक्षकांना दक्षिणेकडच्या वराह दरवाज्यातून आत सोडतात. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा काढायला-घालायला सोप्या अशाच घाला. फरशी थंडगार असते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मोजे असू द्यात.

वाड्याचं वर्णन मी काय करू! करड्या ग्रॅनाइटची तीन मजली इमारत, त्यावर गुलाबी संगमरवरी घुमट आणि मधोमध पाच मजल्यांचा १४५ फूट उंच मनोरा. आत एक अष्टकोनी कल्याण मंडप आहे, म्हणजे लग्नकार्याचं दालन. त्याचं छत रंगीत काचांचं, त्यावर मोरच मोर. छत पेलणारे ओतीव लोखंडाचे खांब थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आणलेले. शेजारच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठमोठी तैलचित्रं आहेत. हत्ती, घोडे, अंबारी, सरदार. धाकटी हत्ती मोजत होती. सासूबाई मात्र वेगळंच बघत होत्या. "ही छत्री धरणारी, चवरी ढाळणारी माणसं बघ," त्या म्हणाल्या, "अंबारीतला बसलाय, हे सगळे चालतायत. पाय दुखले असतील."

आता हा वाडा कुणी बांधला? पाट्यांवर वास्तुकार हेन्री आयर्विन यांचं नाव आहे. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थानही त्यांनीच केलेलं. पण बांधायचं ठरवलं आणि कामाला हात घातला तो एका बाईनं. महाराज चामराजेंद्र वडियार १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्याला गेले असताना तिथंच घटसर्पानं वारले. वय अवघं एकतीस. गादीचा वारस कृष्णराज दहा वर्षांचा. तेव्हा राणी केंपनंजम्मण्णी यांनी मुलाच्या नावानं राज्य सांभाळलं, १८९५ पासून १९०२ पर्यंत. त्यातच १८९७ साली थोरल्या राजकन्येच्या लग्नाच्या धामधुमीत जुन्या लाकडी वाड्याला आग लागली. मांडव दारात, आणि घर जळतंय! कल्पना तरी करा.

राणीनं त्याच वर्षी नव्या वाड्याचं काम सुरू केलं. ते १९१२ साली पुरं झालं. खर्च आला ४१ लाख ४७ हजार ९१३ रुपये. शेवटच्या तीन रुपयांपर्यंत हिशोब ठेवलेला आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बायकांना आवडेल! आणि नुसता वाडाच बांधला असं नाही. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या साथीनं तिच्याच काळात कावेरीवर शिवनसमुद्रला वीज तयार करायचं केंद्र उभं राहिलं. १९०२ साली तिथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली. हिरियूरजवळच्या मोठ्या धरणाला 'वाणीविलास सागर' म्हणतात, ते तिच्याच पदवीवरून.

हे सगळं मी मुलांना सांगत होते. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "किती वर्षांची होती ती, नवरा गेला तेव्हा?"

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

"माझ्याहून एका वर्षानं लहान," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या दालनाकडे वळल्या.

दीड तासाचे अडीच तास झाले. हे घड्याळाकडे बघू लागले. वाड्याला बाहेरून वळसा घालून आम्ही उत्तरेकडच्या चौकात आलो. हा चामराज चौक. इथंच त्या अकाली गेलेल्या महाराजांचा पुतळा आहे. समोर टाउन हॉल, म्हणजे म्हैसूरचे दिवाण रंगाचार्लू यांच्या स्मरणार्थ १८८४ साली बांधलेलं सभागृह. आणि त्याच्यापुढं मोकळ्या जागेत आमचा तो घड्याळाचा मनोरा, सुमारे ७५ फूट उंच. चौकोनी, सडसडीत, वरती कमानी आणि माथ्यावर घुमटी. राजवाड्यासमोर तो कसा दिसतो सांगू? भरजरी शालू नेसलेल्या यजमानीणबाईंच्या शेजारी साधं इरकल नेसून उभ्या असलेल्या बाईसारखा. पण ताठ हो!

लोक त्याला 'दोड्ड गडियार' म्हणतात. दोड्ड म्हणजे मोठं, गडियार म्हणजे आपलं घड्याळ. दोन्ही शब्द एकमेकींच्या मावसबहिणीच!

थोरल्यानं वर पाहिलं आणि ओरडला, "आई, घड्याळावर आकडेच नाहीत! काहीतरी नक्षी आहे."

ती नक्षी नव्हती. तबकडीवर कन्नड आकडे आहेत. मी तिसरीच्या मुलांना पुठ्ठ्याचं घड्याळ करून वेळ वाचायला शिकवते. त्यामुळं मला सवयीनं वाटलं, चला, मुलांना एक धडाच देऊ. म्हटलं, "आकडा कळला नाही तरी काटे कुठं आहेत ते बघा. वेळ कळते की नाही?" तेवढ्यात मागून आवाज आला.

"हन्नोंदु मुक्कालु."

सासूबाई पदर डोक्यावर घेऊन, उन्हाला आडवा हात धरून तबकडीकडे बघत होत्या. मग बोटानं एकेक आकडा दाखवत त्या मोजू लागल्या. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." बाराव्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. थोरला बघतच राहिला. "आजी, तुला वाचता येतं?"

"कन्नड येतं की. दुसरीपर्यंत कन्नड शाळेत होते मी. मास्तर पाटीवर आकडे काढून घ्यायचे. मग लगीन झालं." आणि मग जरा थांबून, "तुमच्याकडं सगळं मराठीच. वाचायला मिळालंच नाही कुठं."

पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी तिनं आपली अक्षरं पुन्हा पाहिली, ती अशी भर चौकात, ७५ फुटांवर! धाकटीनं लगेच वेळ विचारली, तेव्हा कळलं की मुक्कालु म्हणजे पाऊण. 'अकरा आणि पाऊण' म्हणजे आपले पावणेबारा. आपण पुढच्या तासातून पाव वजा करतो. कन्नड माणूस मागच्या तासात पाऊण मिळवतो. हिशोब तोच, तऱ्हा वेगळी. धाकटीला ही मोठीच गंमत वाटली. मग काय, चौकात कन्नडचा तासच भरला. दोन आणि तीन हे आकडे बरेचसे आपल्यासारखे दिसतात, ते तिनं ओळखले. चार-पाचपासून आजीची मदत लागली.

ह्यांची पाच मिनिटं संपली होती. प्राणिसंग्रहालयाची रिक्षा ठरवायची वेळ झाली. आजवर प्रत्येक सहलीत सासूबाईंचं एकच वाक्य असे, "तुम्ही जाऊन या, मी इथं बसते." ते वाक्य त्या दमल्या म्हणून म्हणत किंवा चारजणांचा खर्च नको म्हणून. आज त्यांनी तेच वाक्य म्हटलं, पण सूर निराळा होता. "तुम्ही वाघ-सिंह बघून या. मला हे घड्याळ बघायचंय. बारा वाजलेले बघायचेत." हे मुलांना घेऊन गेले. मी थांबले.

जवळ एक मोगऱ्याचे गजरे विकणारी बसली होती. सासूबाई तिच्याशी बोलू लागल्या. बाईनं पहिल्याच वाक्याला विचारलं, "कुठल्या तुम्ही? वरच्या भागातल्या दिसता." म्हैसूरची कन्नड वेगळी, आमच्या अक्कलकोटची ठसकेबाज. दोघी हसल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. बी. ए. झालेली सून शेजारी गप्प बसली होती आणि सासूबाई मध्ये मध्ये वळून मला मराठीत सांगत होत्या.

मनोऱ्याची हकिकत मी वाचून गेले होते, ती मी त्यांना सांगितली. राणीचा तो दहा वर्षांचा मुलगा मोठा झाला. ८ ऑगस्ट १९०२ ला लॉर्ड कर्झनच्या हस्ते त्याच्याकडे पूर्ण अधिकार आले. लोक त्याला नाल्वडी कृष्णराज म्हणतात, म्हणजे चौथे कृष्णराज. १९२७ साली त्याच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, रौप्यमहोत्सव झाला. तेव्हा राजवाड्यातल्या नोकरवर्गानं आपल्या पैशांतून हा मनोरा उभारला. राणी केंपनंजम्मण्णी तेव्हा हयात होत्या. त्या १९३४ साली गेल्या.

सासूबाई विचारात पडल्या. "उलटंच की गं. मालक नोकराला देतो. इथं नोकरांनी मालकाला दिलं?"

"राजावर प्रेम होतं म्हणून," मी म्हटलं. कृष्णराज लोकांचा लाडका होता, हे खरंच आहे. पण त्या एवढ्यावर समाधान मानणाऱ्या नव्हत्या.

"असेल प्रेम. पण वर्गणी ही वर्गणी असते. मुनीमजींच्या मुलीच्या लग्नाला आम्ही बायकांनी पण दिली होती. कुणी नाही म्हणतंय का?" थोडा वेळ त्या तबकडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण दिलं ते शहाणपणानं दिलं. सोन्याचा हार दिला असता, तर तो आत वाड्यात गेला असता. हे रस्त्यावर राहिलं. ज्यांनी दिलं, त्यांच्या लेकरांनापण दिसतंय. आणि आकडे त्यांच्याच अक्षरात."

मैत्रिणींनो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. राजवाडा बघायला तिकीट लागतं, चपला काढाव्या लागतात. घड्याळाला तिकीट नाही. गजरेवाली, रिक्षावाला, शाळेतून घरी निघालेलं पोर, सगळ्यांना ते सारखीच वेळ सांगतं. त्या काळी मनगटी घड्याळ किती जणांकडे होतं? चौकातलं मोठं घड्याळ हेच सगळ्यांचं घड्याळ. राजाच्या सन्मानासाठी बांधलं खरं, पण वापरात आलं ते रयतेच्या.

बारा वाजले. आम्ही ठोके ऐकायला कान टवकारले होते, पण तसे ठोके काही कानी आले नाहीत. गजरेवालीनं सांगितलं की पूर्वी इथल्या घंटेचा आवाज लांबवर जाई. मोठ्या घंटेच्या हादऱ्यानं मनोऱ्यालाच इजा पोचेल, म्हणून ती मध्यंतरी बरीच वर्षं बंद ठेवली होती. अलीकडच्या काळात मनोऱ्याला तडे गेल्याच्या बातम्याही आल्या आणि दुरुस्तीचा प्रश्न निघाला. शंभरीला टेकलेली इमारत म्हटल्यावर सांधे कुरकुरणारच! सासूबाईंना ही गोष्ट चटकन पटली. "आवाज बंद केला, पण काटे चालू ठेवले ना? मग झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात मला थोडंसं वेगळंही काही ऐकू आलं, पण ते मी तिथं उकरून काढलं नाही.

तिथून चालत दहा मिनिटांत देवराज मार्केट. वाटेतला मोठा रस्ता सयाजीराव रोड, आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. परमुलखात हे नाव वाचलं की बरं वाटतं! मार्केटपाशी दुसरा एक घड्याळाचा मनोरा आहे, ठेंगणा. १८८६ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन म्हैसूरला आला होता, त्याची ही आठवण. पण लोक डफरिनला केव्हाच विसरले. ते याला म्हणतात 'चिक्क गडियार', लहान घड्याळ. तिकडं रौप्यमहोत्सवाचं नावही कुणी घेत नाही. एक मोठं, एक लहान, बास! आपल्या घरातही नाही का, कुणी आहेरात दिलं ते विसरतं आणि राहतं ते मोठं पातेलं, लहान पातेलं.

मार्केटमध्ये काय घ्यावं ते सांगते. म्हैसूरचा मोगरा (तिथं मल्लिगे), म्हैसूरची विड्याची पानं आणि नंजनगुडची रसबाळे केळी. या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. केळी पातळ सालीची आणि फार गोड असतात, पण प्रवासात टिकत नाहीत, तेव्हा तिथंच खा. हळदी-कुंकवाचे रंगीत डोंगर मांडलेले असतात, ते मुलांना जरूर दाखवा. भाव मात्र सासूबाईंनी केला! त्यांच्या कन्नडपुढं दुकानदार दोन पावलं मागं सरकत होता. मी पिशवी धरून नुसती उभी.

त्याच रस्त्यावर म्हैसूरपाकाची जुनी दुकानं आहेत. हा पदार्थ या कृष्णराजांच्याच मुदपाकखान्यात जन्मला, असं सांगतात. काकासुर मादप्पा नावाच्या आचाऱ्यानं बेसन, तूप आणि साखर एकत्र करून राजाला वाढलं आणि नाव विचारल्यावर 'म्हैसूर पाक' म्हणून सांगितलं. बघा हं, राजवाड्यात शिजलेल्या पक्वान्नांतलं आज आपल्या घरी पोचलंय ते एका आचाऱ्याचं! ताजा म्हैसूरपाक हातात घेतला की बोटांना तूप लागतं. घरी करताना तूप कडकडीत गरम हवं आणि पळीपळीनं घालत राहावं, एकदम ओतू नये. जाळी पडते ती त्यामुळंच.

दुपारी जगन्मोहन राजवाडा. वाडा जळाल्यावर राजघराणं इथं राहिलं आणि कृष्णराजांचा अधिकारग्रहण समारंभही इथलाच. आता तिथं चित्रसंग्रहालय आहे. घड्याळांची आवड असेल तर तिथलं फ्रान्सहून आणलेलं एक वाद्यांचं घड्याळ बघा. त्यात इवले इवले शिपाई आहेत. तास झाला की त्यांचं संचलन होतं. मुलं तिथून हलता हलत नाहीत.

आणि ज्या चित्रासाठी मराठी माणसानं तिथं जायलाच हवं, ते म्हणजे हातात समई घेतलेली स्त्री. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि तेही जलरंगातलं. एका हातात दिवा, दुसरा हात आडोशाला, बोटांच्या फटीतून लाल उजेड. यासाठी उभी राहिली ती चित्रकाराची लेकच. ती पुढं कोल्हापुरात राहिली आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेली. किती वेळ ती पोर हात तसाच धरून उभी राहिली असेल, वात विझू न देता! चित्र बघायला आपल्याला दोन मिनिटं पुरतात.

सात वाजता पुन्हा राजवाडा. रविवारी आणि सणासुदीला संध्याकाळी वाड्यावर रोषणाई करतात. सुमारे ९७ हजार दिवे. सगळे एकदम लागतात आणि जमलेल्या गर्दीतून 'आहा' असा एकच सूर निघतो. वीज आणणाऱ्या राणीची मला त्या वेळी फार आठवण झाली. धाकटी मात्र विचारत होती, "आजी, मोठ्या घड्याळात आता किती वाजले असतील?" आजी म्हणाली, "एळु." म्हणजे सात.

सोलापूरला परत आल्यावर धाकटीनं आपल्या पाटीवर बारा कन्नड आकडे काढून घेतले. आता दिवेलागणीला आजी तिला एकेक अक्षर देते. थोरला मधून मधून डोकावतो. परवा बँकेतून नवीन अर्ज आला, तो नेहमीप्रमाणे त्यानंच भरला. पण "आजीला वाचता येत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून गेले. त्याऐवजी तो म्हणतो, "आजीला कन्नड येतं."

तर मैत्रिणींनो, म्हैसूरला जाल तेव्हा रविवार साधा. सकाळी वाडा, संध्याकाळी दिवे. मधल्या वेळात चामराज चौकात एक तास मोकळा ठेवा, वेळापत्रकात लिहू नका. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर त्यांना घाई करू नका, बसू द्या. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली मात्र विसरू नका, कारण मनोऱ्याची सावली फार लांब पडत नाही.